प्रस्थानाची वाद्ये : भीमथडीची कूच आणि बंदरातला भोंगा

प्रवासी जहाज बंदर सोडू लागते तेव्हा वाद्यवादन करण्याची प्रथा आज जगातील अनेक मोठ्या बंदरांत रूढ असून, कुठे धक्क्यावर उभा असलेला बँड निरोपाची धून वाजवतो, कुठे वरच्या डेकवर ध्वनिवर्धकांतून ठरावीक गाणे लावले जाते, तर काही जहाजांचे भोंगेच सुरांत बांधलेले असतात. या प्रथेकडे करमणुकीचा एक भाग म्हणून पाहिले जाते. तिचा उगम मात्र करमणुकीत नाही. निघण्याच्या घटकेला वाजणारे वाद्य हे मुळात हुकूम पोचवण्याचे साधन होते, कारण पांगलेल्या मोठ्या जमावाला एकाच क्षणी एकच गोष्ट कळवायची तर माणसाचा आवाज अपुरा पडतो आणि निरोप्याला वेळ लागतो. पुढे हुकमाची गरज संपली किंवा हुकूम देणारी सत्ताच लयाला गेली, तरी वाद्य थांबले नाही. ते सोहळ्यात गेले आणि तेथे टिकून राहिले. हे स्थित्यंतर समुद्रावर जितके स्पष्ट दिसते, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक स्पष्टपणे, ते सह्याद्रीच्या पूर्वेला भीमेच्या खोऱ्यात वसलेल्या शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांत दिसते.

या भूभागाची ओळख त्याच्या नद्यांनी आणि वाटांनी ठरवली आहे. शिरूर गाव घोड नदीच्या काठी असल्यामुळे आजही पंचक्रोशीत 'घोडनदी' या नावाने ओळखले जाते. दौंड भीमेच्या काठी आहे, आणि दौंड तालुक्याचे जुने नाव भीमथडी असे होते. भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या फौजांबरोबर उत्तरेपर्यंत गेली, हे मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते. पुण्याहून अहमदनगरकडे (आताच्या अहिल्यानगरकडे) जाणारी वाट शिरूरवरून आणि सोलापूरकडे जाणारी वाट यवत-पाटसवरून जात असल्यामुळे, गेल्या साडेतीन शतकांत येथून जे जे निघाले वा पुढे गेले, त्यांत मोगल आणि मराठ्यांच्या फौजा होत्या, कंपनी सरकारच्या पलटणी होत्या, पंढरीच्या दिंड्या होत्या आणि १८५८ नंतर आगगाड्याही होत्या. या प्रत्येकाची निघण्याची स्वतंत्र वाद्ये होती.

मराठेशाहीत फौजेच्या निघण्याला 'कूच' म्हणत आणि कूच व मुक्काम यांच्या आलटून-पालटून येण्यात स्वारीचे सारे दिवस मोजले जात. छावणीत फौजेबरोबर बाजार, बुणगे म्हणजे लढाऊ नसलेले चाकर, बैलांचे तांडे आणि तंबूंचे ओझे असे, त्यामुळे कूच म्हणजे एक चालते गाव हलवण्यासारखे काम होते. ते नगाऱ्यावर चाले. नगारा म्हणजे धातूच्या खोलगट भांड्यावर कातडे ताणून केलेले मोठे चर्मवाद्य; तो हत्तीवर, उंटावर किंवा गाड्यावर ठेवून टिपऱ्यांनी वाजवत. त्याच्या जोडीला शिंग आणि कर्णा असत. शिंग हे तांब्या-पितळेचे वळणदार सुषिरवाद्य, म्हणजे फुंकून वाजवायचे वाद्य होय, तर कर्णा हा सरळ, लांब नळीचा आणि टोकाशी रुंदावत गेलेला असतो. दोन्हींचा आवाज मोकळ्या माळावर फार दूरवर पोचतो. नौबत, म्हणजे ठरावीक प्रहरी वाजवला जाणारा नगारा, हे राजपदाचे चिन्ह मानले जाई आणि ती वाजवण्याचा अधिकार सरदाराला मिळणे ही मोठी बक्षिसी असे. औरंगजेबाने दरबारी गवयांना दूर केले, तरी नौबत बंद केली नाही, यावरूनही हे वाद्य संगीत या सदरात न मोडता सत्तेच्या कारभारात मोडत असे, हे समजते.

निघण्याचा मुहूर्त आणि प्रत्यक्ष प्रवास यांची फारकत करण्याची एक रीतही या संदर्भात ध्यानात घेतली पाहिजे. चांगला मुहूर्त साधायचा असेल, पण तयारी पुरी झालेली नसेल, तर प्रवासाला जाणारा आपली एखादी वस्तू शेजारच्या घरी किंवा गावाबाहेरच्या देवळात नेऊन ठेवत असे आणि तेवढ्याने प्रस्थान झाले असे मानले जाई. स्वारीसाठी सरदाराचा डेरा मुहूर्तावर शहराबाहेर उभारला जाई, आणि फौज त्यानंतर काही दिवसांनी हले. वाद्य वाजे ते या मुहूर्ताच्या वेळी. निघणे ही एक स्वतंत्र, जाहीर करण्याजोगी घटना आहे, ती अंतर कापण्याशी बांधलेली नाही, अशी ही धारणा होती, आणि तिच्यामुळेच वाद्याला मानाची जागा मिळाली. धक्का सोडून थोड्याच अंतरावर भरतीची वाट पाहत नांगर टाकून थांबणाऱ्या जहाजाचाही निरोप धक्क्यावरच होतो, तो याच न्यायाने.

शिरूरला या देशी परंपरेसमोर दुसरी परंपरा येऊन उभी राहिली. १८०२ च्या अखेरीस झालेल्या वसईच्या तहानंतर कंपनीची तैनाती फौज, म्हणजे पेशव्यांच्या खर्चाने ठेवलेली पण कंपनीच्या हुकमतीखालची फौज, घोड नदीच्या काठी ठेवण्यात आली आणि एका साध्या गावाला लष्करी छावणीचे रूप आले. पुणे हॉर्स या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले घोडदळ १८१७ मध्ये उभे राहिले आणि त्याचे स्वार या छावणीत होते. कंपनीच्या पायदळात दिवसाचा सगळा क्रम ढोल आणि फाइफ, म्हणजे आडवी लहान बासरी, यांच्यावर चाले; घोडदळात तेच काम ट्रंपेट करी. निघण्यासाठी ब्रिटिश पायदळात ढोलाचे तीन वेगळे ठोके ठरलेले होते. पहिल्या ठोक्याला 'जनरल' म्हणत आणि तो वाजला की तंबू उतरवून सामान बांधायचे, दुसऱ्या म्हणजे 'असेंब्ली'च्या ठोक्याला आपापल्या निशाणाखाली रांगेत उभे राहायचे, आणि तिसरा 'मार्च' वाजला की पाऊल उचलायचे. हे ठोके शब्दांविना हुकूम देत असल्यामुळे तेलुगू, मराठी आणि हिंदुस्तानी बोलणारे शिपाई इंग्रज अंमलदाराच्या भाषेवाचून एकदम हलू शकत.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आठच्या सुमारास कॅप्टन स्टाँटन याच्या हुकमतीखाली मुंबई पायदळाची एक पलटण, पुण्याच्या घोडदळाचे काही स्वार आणि दोन तोफा शिरूरहून पुण्याकडे निघाल्या. दुसऱ्या दिवशी, आज शिरूर तालुक्यातच असलेल्या कोरेगाव भीमा येथे त्यांची पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली. उरलेली तुकडी ३ जानेवारीला ढोल वाजवत आणि निशाणे फडकवत शिरूरला परतली, अशी नोंद आहे. दिवसभर अन्नपाण्यावाचून लढलेल्या आणि जखमींना घेऊन चालत आलेल्या माणसांनी छावणीत शिरताना ढोल वाजवावा, यात त्या वाद्याचे काम किती खोल रुजले होते हे दिसते : पलटण अजून पलटण आहे, विस्कटलेला घोळका झालेली नाही, एवढेच तो ढोल सांगत होता.

हे ढोल वाजवणारे कोण होते, याचा विचार इतिहासग्रंथांत क्वचितच होतो. कंपनीने १७९५ मध्ये असा नियम केला की ज्यांच्या आई-वडिलांपैकी एकच युरोपीय आहे त्यांना सैन्यात फाइफवादक, ढोलवादक, बँडवादक आणि नालबंद एवढ्याच कामांवर घेता येईल. म्हणजे हुकूम देण्याचा अधिकार ज्यांना नाकारला गेला, त्यांच्याच हाती हुकूम वाजवण्याचे काम सोपवले गेले. पश्चिम किनाऱ्यावर या धंद्याला गोव्यातील ख्रिस्ती वादकांचा मोठा पुरवठा झाला. तेथील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई, आणि त्या शिक्षणाच्या बळावर गोव्याचे वादक लष्करी बँडांत, संस्थानिकांच्या पदरी, मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आणि परदेशी जाणाऱ्या जहाजांवर पोट भरत राहिले. जहाजाच्या डेकवरच्या संगीताची एक मुळी अशी थेट छावणीच्या कवायतीच्या मैदानापर्यंत येऊन पोचते.

छावणी आणि जहाज यांचा संबंध एका धुनेतही जपला गेला आहे. 'द गर्ल आय लेफ्ट बिहाइंड मी' ही धून ब्रिटिश पलटण एखादे शहर सोडताना आणि लढाऊ जहाज नांगर उचलताना अशी दोन्ही प्रसंगी वाजवण्याची रीत होती, असे इंग्रजी लोकसंगीताचा १९ व्या शतकातील अभ्यासक विल्यम चॅपल याने नोंदवले आहे. शिडाच्या जहाजावर खलाश्यांची श्रमगीतेही होती. नांगराचा जड दोर चक्रावर गुंडाळताना सर्वांचा जोर एका ठेक्यावर पडावा यासाठी ती गायली जात आणि वाफेची यंत्रे आल्यावर त्यांचे काम संपले. निघण्याच्या इतर खुणाही अशाच कामाच्या होत्या. निळ्या कडेचा आणि मध्ये पांढरा चौकोन असलेला 'पी' अक्षराचा बावटा चढला की किनाऱ्यावर गेलेल्या प्रत्येक खलाश्याने जहाजावर परतावे असा त्याचा अर्थ असे. निरोप द्यायला वर आलेल्या पाहुण्यांनी खाली उतरावे म्हणून घंटेसारखी थाळी वाजवत नोकर डेकभर फिरे. आणि आजच्या आंतरराष्ट्रीय नौकानयन नियमांनुसार तीन आखूड भोंगे दिले गेले तर त्यातून जहाजाचे यंत्र उलट दिशेला चालत आहे एवढीच सूचना असते. धक्क्यावर हात हलवणाऱ्यांना तो भोंगा निरोपाचा वाटतो. तो असतो आसपासच्या नौकांसाठी.

निरोपाची भावना या सूचनांवर नंतर चढली आणि प्रत्येक बंदराने तिला आपले गाणे दिले. होनोलुलूत राणी लिलिउओकलानी हिने १८७८ च्या सुमारास रचलेले 'अलोहा ओए' हे गीत प्रवासी जहाजे निघताना तेथील रॉयल हवाईयन बँड वाजवत असे. जपानमध्ये स्कॉटलंडच्या 'ऑल्ड लँग साइन'च्या चालीवर १८८१ मध्ये शाळांसाठी 'होतारू नो हिकारी' हे गीत छापले गेले आणि ते पुढे जहाजांच्या निरोपाशी जोडले गेले. हीच स्कॉटिश चाल मुंबईतही एका मोठ्या निरोपाला वाजली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन ही भारत सोडणारी अखेरची ब्रिटिश पलटण म्हणून गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखालून बोटींकडे चालत गेली, तेव्हा तिला मानवंदना द्यायला भारतीय सैन्याच्या तुकड्या उभ्या होत्या आणि बँडने 'ऑल्ड लँग साइन' वाजवले. शिरूरच्या छावणीत ज्या सत्तेच्या ढोलावर या मुलखातील माणसे पाऊल टाकायला शिकली, तिला त्याच ढोलाच्या वारसदारांनी पोचवले. पुणे हॉर्सच्या दृष्टीनेही या बंदर-परंपरेला अर्थ आहे. घोड नदीकाठच्या छावणीत एके काळी राहिलेले हे घोडदळ १९१४ मध्ये समुद्रमार्गे फ्रान्सच्या रणभूमीवर गेले होते.

किनाऱ्यावरच्या कोळी समाजाची परंपरा यांहून वेगळी आणि जुनी आहे. नारळी पौर्णिमेला वाजतगाजत मिरवणूक काढून समुद्राला नारळ अर्पण केला जातो आणि पावसाळ्यात शाकारून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात; येथे वाद्य हुकूम देत नाही, ते समुद्राची परवानगी मागते. मुंबईच्या आजच्या पर्यटन-जहाजांनी या परंपरेशी नाते जोडल्याचे फारसे दिसत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेल्या जहाजाला कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याची आठवण देणारे 'आंग्रिया' हे नाव दिले गेले, आणि सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया'च्या सफरी मुंबईहून निघू लागल्या. नावापुरता इतिहास आला, पण निघण्याच्या घटकेसाठी येथल्या मातीतले वाद्य मात्र कोणी शोधले नाही. ज्या किनाऱ्यावर आरमाराच्या नौबती वाजल्या, तेथे एखादे शिंगही धक्क्यावर असू नये, ही उणीव खटकणारी आहे.

दौंडला निघण्याच्या वाद्याचे आणखी एक रूप लोखंडात आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५८ मध्ये पुण्याच्या पुढे दौंडवरून दिक्सळपर्यंत आणि १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोचला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर मुंबईहून उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या दोन मोठ्या लोहमार्गांना जोडणारे जंक्शन म्हणून दौंडचे महत्त्व वाढले, आणि पुढे बारामतीकडे अरुंद मार्गाची गाडीही येथून निघू लागली. फलाटावर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर पडणारे टोले, गार्डची शिट्टी आणि शेवटी इंजिनाची शिट्टी अशा क्रमाने गाडी हले. मराठी नाटकाचा पडदा तिसऱ्या घंटेला वर जातो तसाच हा क्रम होता आणि त्यात आधी तयारी, मग जागा धरणे आणि शेवटी निघणे या तीन पायऱ्या पुन्हा दिसतात. परदेशी जाणारा या भागातील माणूस दौंडच्या किंवा पुण्याच्या फलाटावरच आपल्या माणसांना सोडे. मुंबईला बॅलार्ड पिअरच्या धक्क्यापर्यंत पोचवायला जाणे थोड्यांनाच परवडे, त्यामुळे बहुतेक घरांसाठी जहाजाच्या भोंग्याची जागा इंजिनाच्या शिट्टीनेच घेतली.

या सर्व प्रवाहांत सर्वांत समृद्ध आणि आजही जिवंत असलेली परंपरा पंढरीच्या वारीची आहे. तुकाराम महाराजांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरपूरला नेण्याची पद्धत त्यांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केली. मोगलांच्या फौजा तेव्हा दख्खनमध्ये उतरलेल्या होत्या, आणि दौंडच्या अलीकडे-पलीकडे भीमेच्या काठी त्यांच्या छावण्या पडत. अशा काळात टाळ-मृदंगाचा गजर करत एक मोठा नि:शस्त्र समुदाय दरवर्षी ठरल्या तिथीला त्याच वाटेने निघू लागला, हे या प्रांताच्या इतिहासातील धैर्याचे एक मोठे उदाहरण मानले पाहिजे. आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका घेऊन ही वारी एकत्रच जात असे. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीची पालखी स्वतंत्र केली आणि तिला आजची शिस्त दिली. हैबतबाबा हे सातारा भागातील आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी सरदार म्हणून राहिलेले, आणि त्यांना या कामात बेळगाव भागातील अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे, तंबू आणि इतर साहित्य यांची मदत झाली.

हा काळ नीट लक्षात घेतला तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि मराठ्यांच्या फौजांची कूच भीमथडीच्या वाटांवरून कायमची थांबली. त्यानंतर दीड-दोन दशकांतच, लष्करी चाकरी केलेल्या एका भक्ताने पालखीच्या पुढे नगाऱ्याचा गाडा, निघण्यासाठी कर्णा, हुकमासाठी चोपदार, मानाचे अश्व आणि मुक्कामासाठी तंबू अशी सगळी मांडणी उभी केली. शस्त्रे वगळता हे सारे फौजेचे होते. ज्या कुचेला आता राज्य उरले नव्हते, ती विठ्ठलाकडे निघाली, आणि म्हणून मराठी लष्कराच्या निघण्याच्या पद्धतीचा सर्वांत पूर्ण अवशेष कोणत्याही किल्ल्यात वा संग्रहालयात नसून तो वारीच्या चालण्यात आहे.

आळंदीच्या पालखीत निघण्यापूर्वी तीन कर्णे होतात. पहिल्या कर्ण्याला सामान आवरायचे, दुसऱ्याला दिंड्यांनी आपापल्या क्रमाने उभे राहायचे आणि तिसऱ्याला पालखी हलते. शिरूरच्या छावणीतील ढोलाच्या तीन ठोक्यांशी हा क्रम तंतोतंत जुळतो; एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे मानण्याचे कारण नाही, कारण तंबूंत राहणारा आणि पायी चालणारा कोणताही मोठा समुदाय शेवटी याच तीन पायऱ्यांवर येतो. दिंडी म्हणजे एका फडाच्या वा गावाच्या वारकऱ्यांचा गट. तिच्यात पताका घेतलेले पुढे, मग टाळकरी, पखवाजी आणि वीणेकरी, तर स्त्रिया डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालतात. रथाच्या पुढच्या आणि मागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात आणि आपला क्रमांक सोडून कोणी चालत नाही. वीणेकऱ्याने वीणा जमिनीवर ठेवायची नाही, ती दुसऱ्याच्या गळ्यात गेल्यावरच पहिल्याने मोकळे व्हायचे, असा दंडक आहे.

संगीताने कारभार चालवण्याची या परंपरेची क्षमता मुक्कामावरच्या समाजआरतीत सर्वांत चांगली दिसते. सर्व दिंड्या पालखीभोवती जमून टाळांचा मोठा गजर करतात आणि चोपदाराने आपला दंड उंचावला की तो गजर क्षणात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार त्या दिंडीपर्यंत जातो, म्हणणे ऐकून घेतो, तोडगा निघतो, आणि मगच तो टाळ शांत होतो. हरवले-सापडलेल्यांची घोषणा व दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ त्यानंतर सांगितली जाते. हजारो लोकांच्या वस्तीत दाद मागण्याचा याहून सुसंस्कृत मार्ग सापडणे अवघड आहे. लष्कराच्या वाद्याने वरून खाली हुकूम पोचवला. वारीच्या टाळाने खालून वर तक्रारही पोचवली, आणि ही वारीने जुन्या कुचेत घातलेली सर्वस्वी स्वतःची भर आहे.

तुकाराम महाराजांची देहूची पालखी दौंड तालुक्यातून जाते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूत प्रस्थान होते, परंतु पालखी त्या रात्री गावातल्याच इनामदारवाड्यात मुक्काम करते, आणि वर सांगितलेली मुहूर्त व प्रवास यांची फारकत येथे अजून पाळली जाते. पुण्यात थांबून, हडपसरला आळंदीच्या पालखीची वाट सोडून आणि लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून ती बोरीभडक ओलांडून यवतला येते. यवतला काळभैरवनाथाच्या मंदिरात मुक्काम असतो आणि गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचे जेवण देतात. त्या दिवशी घराघरांतून भाकऱ्या थापल्या जातात आणि गावभर चुलींचा धूर असतो. पुढचा मुक्काम वरवंडच्या विठ्ठल मंदिरात असतो.

निरोपाचा खरा वेगळेपणा या गावांत कळतो. बंदरात निघणारे आणि राहणारे यांच्यात एक रेघ असते. जिना ओढला गेला की डेकवरचे आणि धक्क्यावरचे अशी दोन जगे होतात आणि संगीत त्या दोहोंमधल्या पाण्यावरून जाते. पालखी यवत सोडते तेव्हा अशी रेघ नसते. गावकरी शिवेपर्यंत, म्हणजे गावाच्या हद्दीपर्यंत, तेच टाळ वाजवत आणि तेच अभंग म्हणत चालतात, आणि वाटेत कोण वारकरी व कोण गावकरी हे वेगळे सांगता येत नाही. ज्याला परतायचे आहे तो शिवेवरून परततो. ज्याला ऐनवेळी पुढे जावेसे वाटले त्याला कोणी अडवत नाही. त्यामुळे वारीत निरोपाचे असे स्वतंत्र गाणे तयार झालेच नाही. सकाळी निघताना मंगलाचरण, मग रूपाचे अभंग, त्या त्या वाराचे अभंग आणि संध्याकाळी हरिपाठ असा भजनाचा क्रम ठरलेला आहे, आणि तो गावातून बाहेर पडतानाही बदलत नाही. निघण्यासाठी कर्णा आणि चालण्यासाठी अभंग, अशी कामाची वाटणी झाल्यावर राहणाऱ्याच्या दुःखाला वेगळी धून द्यावी असे कोणाला वाटले नसावे.

मानकऱ्यांची नावे या सोहळ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जातात : रथाच्या बैलजोडीचा मान कोणाचा, अश्व कोणाचे, दिंडी क्रमांक कोणता, याच्या नोंदी आहेत. वाजवणाऱ्यांच्या नोंदी तुलनेने फार कमी आहेत. गावगाड्यात देवळातील वाजंत्रीची सेवा गुरवाकडे असे, हलगी आणि सनई मातंग व होलार समाजातील कलावंतांच्या हाती असत, आणि गावच्या जत्रेपासून लग्नाच्या वरातीपर्यंत प्रत्येक निघण्याला त्यांच्यावाचून सुरुवात होत नसे. तरी त्यांतल्या अनेकांना ज्या देवळासमोर ते वाजवत त्याची पायरी चढता येत नसे. १७९५ च्या कंपनीच्या नियमाने ढोलवाल्याला जेथे ठेवले, तेथेच गावाने हलगीवाल्याला ठेवले होते. शिरूर-दौंडच्या वाद्यपरंपरेचा इतिहास लिहायचा तर तो या वादकांच्या घराण्यांकडून, त्यांच्या ठेक्यांच्या नावांसकट, आजच उतरवून घ्यायला हवा, कारण त्यांच्या जागी गाडीवर चढवलेले मोठे ध्वनिक्षेपक झपाट्याने येत आहेत आणि ठेका शिकवणारे हात कमी होत चालले आहेत.

वरवंडहून पालखी पाटसला येते आणि तेथे सोलापूरचा महामार्ग सोडून बारामतीच्या दिशेला वळते. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी ज्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसवली गेली, तो पाटसपासूनच सुरू होतो, आणि वारकऱ्यांना चालण्यासाठी त्याच्या कडेने स्वतंत्र पदपथाची योजना आहे. पाटसच्या पुढे रोटीचा घाट लागतो. रथाचा भार वाढत्या चढाला एका जोडीला झेपत नसल्याने तेथे जादा बैलजोड्या जुंपल्या जातात, वारकरी रथाला हात देतात आणि टाळांची लय चढाबरोबर जलद होते. माथ्यावर रोटी गावाजवळ अभंग-आरती होते. दमलेल्या पायांना ठेका लागतो. आरती संपली की पालखी पुढे उंडवडी गवळ्याची या बारामती तालुक्यातील मुक्कामाकडे निघते, आणि दौंड तालुक्यातून शिवेपर्यंत आलेली गावे तेथून मागे फिरतात.